टीटी घेतलं, जखम भरली, तरी चवडा का दुखतोय?

पत्र: "डॉक्टरताई, नमस्कार. मी पुण्यात शुक्रवार पेठेत राहते, वय ५१. घरून पोळ्या करून देते, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास ओट्यापाशी उभीच असते. श्रावणात आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाचं काम चालू होतं, रात्री कचरा टाकायला खाली गेले आणि फळीतला खिळा स्लीपरमधून आरपार डाव्या पायाच्या चवड्यात घुसला. तिथल्या पोरांनीच तो ओढून काढला. जवळच्या दवाखान्यात टीटी घेतलं, पट्टी केली, पाच दिवस गोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे पण काढला, नॉर्मल आला. जखम बंद झाली, दुखणंही जवळपास थांबलं होतं. पण नंतर परत सुरू झालं. आता सहा आठवडे होत आले, तिथे पाय टेकला की आत काहीतरी टोचतं, म्हणून मी पायाच्या कडेवर चालते. सासूबाई म्हणतात कुरूप झालंय, बिब्ब्याचा चटका दे. मिस्टर म्हणतात वरून काही दिसत नाही तर दुखेल कसं, डोक्यातून काढून टाक. मागच्या वर्षी शुगर बॉर्डरवर होती. परत टीटी घेऊ का? आणि दर नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी असते, यंदा जमेल का?"

ताई, नमस्कार. तुमचं दुखणं खरं आहे, हे आधी सांगते, आणि हे उत्तर मिस्टरांनाही वाचायला द्या. वरून जखम दिसत नाही याचा अर्थ आत सगळं ठीक आहे असा अजिबात होत नाही, खिळा किंवा काटा रुतल्याच्या जखमेत तर नाहीच नाही. विळीनं कापलं तर जखम उघडी असते, रक्त वाहतं, आत गेलेली घाण बरीचशी बाहेर येते, आपण नळाखाली धुतो. खिळ्याचं तसं नसतं. वर मुगाच्या दाण्याएवढं भोक आणि खाली सरळ खोल वाट. ते भोक दोन-चार दिवसांत मिटतं, आपल्याला वाटतं भरली जखम, पण खाली जे काही खिळ्याबरोबर गेलंय ते तिथेच बंद होऊन बसतं. आणि तुमचा खिळा गेलाय चवड्यात, म्हणजे बोटांच्या मागे जिथे आपण सगळा भार टाकतो तिथे, तिथे कातडीखाली थोड्याच अंतरावर हाडं आणि बोटांचे सांधे असतात. त्यामुळे तळव्याच्या मधल्या खळग्यात खिळा गेला तर जेवढी काळजी करायची त्यापेक्षा चवड्यात गेला तर जास्त करायची.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे दुखणं जवळपास थांबलं होतं आणि परत सुरू झालं. नुसता जखमेचा व्रण दुखत असेल तर तो हळूहळू कमी कमी होत जातो, एखाद्या दिवशी जास्त चाललं की थोडा ठणकतो, पण एकूण उतार असतो. कमी होऊन परत वाढलं तर डॉक्टरच्या डोक्यात दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, आत काहीतरी राहिलंय. दोन, आत इन्फेक्शन आहे आणि ते हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेलेलं असू शकतं. दोन्हीवर उपाय आहे, पण दोन्ही शोधावी लागतात, आपोआप समोर येत नाहीत. म्हणून "बघू अजून थोडे दिवस" हे आता बास. याच आठवड्यात दाखवा, आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा जनरल सर्जनला दाखवा.

जायच्या आधी घरी एक काम करा. ती डावी स्लीपर अजून असेल तर शोधून काढा आणि उजेडात धरून ते भोक वरून आणि खालून दोन्हीकडून नीट बघा. रबर नुसतं फाटून दोन बाजूंना सरकलंय की मधला छोटासा गोल तुकडाच गायब आहे? जाडसर खिळा रबरातून जाताना कधी कधी तेवढी टिकली कापून स्वतःबरोबर पायात नेतो. खिळा ओढून काढला तरी ती टिकली आतच राहते. मोजे घातलेले असतील तर मोज्याचे धागे, बूट असेल तर आतल्या फोमचा कण, लाकूड असेल तर त्याची सल, असं काहीही आत जाऊ शकतं. तुकडा गायब दिसला तर स्लीपर पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊनच जा, संकोच करू नका, त्या एका स्लीपरवरून डॉक्टरांना पाच मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

आता एक्स-रेचं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे आत काहीच नाही असं बहुतेक लोक धरून चालतात आणि इथेच घोळ होतो. एक्स-रेमध्ये लोखंड दिसतं. काचही बहुतेक वेळा दिसते, अगदी बारीक कण सोडले तर, काच दिसत नाही हा गैरसमज आहे. पण रबर, लाकडाची सल, बाभळीचा काटा, कापड, बरंचसं प्लास्टिक हे साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणजे तुमच्या एक्स-रेनं एवढंच सांगितलं की खिळ्याचं टोक मोडून आत राहिलेलं नाही. चांगलं झालं, एक शक्यता गेली. पण स्लीपरच्या तुकड्याबद्दल तो काही सांगूच शकत नाही. त्यासाठी पायाची सोनोग्राफी लागते. हो, सोनोग्राफी फक्त पोटाची नसते. पायाच्या त्या जागेवर छोटा प्रोब फिरवून बघतात, काटा, लाकूड, रबर असं काही असेल तर ते किती खोल आहे आणि शेजारी पू साठलाय का हेही कळतं. डॉक्टरांना सरळ विचारा, "खिळा स्लीपरमधून गेला होता, आत रबर राहिलं असेल का, सोनोग्राफी करून बघायची का?" असं विचारलेलं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला आवडतंच.

सोनोग्राफीला जाताना अजून एक करा. पाय स्वच्छ धुऊन कोरडा करा, पेनाच्या टोपणाच्या बोथट टोकानं चवडा हळूहळू दाबत जा आणि नेमका जिथे जीव जातो तिथे बॉलपेननं बारीक फुली मारा. चवडा मोठा असतो आणि आत गेलेला तुकडा अगदी बारीक. बऱ्याचदा दुखणारी जागा वरच्या डागाच्या बरोब्बर खाली नसते, थोडी सरकलेली असते, कारण खिळा तिरका गेलेला असतो. फुली असली की सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना नेमकी जागा मिळते. आणि त्यांना पूर्ण गोष्ट सांगा, चिठ्ठीवर नुसतं "पाय दुखतो" एवढंच लिहिलेलं असेल तर ते तेवढंच बघतील.

तुमचा एक्स-रे दुसऱ्या आठवड्यात काढला होता, म्हणजे हाडातल्या इन्फेक्शनच्या दृष्टीनं तो जरा लवकरचाच. हाडाला इन्फेक्शन झालं तरी साधारण पहिले दहा ते चौदा दिवस एक्स-रेत काही दिसत नाही, हाडात तेवढा फरक पडायलाच वेळ लागतो. म्हणून जुना एक्स-रे सोबत न्या, पण नवीन काढायला सांगितला तर "आत्ताच तर काढला होता" म्हणून नाही म्हणू नका, दोन्ही शेजारी ठेवून बघण्यात खरी मजा आहे, बदल झालाय का ते तिथे कळतं. त्याबरोबर रक्ताची तपासणी होईल, सीबीसी, ईएसआर, सीआरपी. ही नॉर्मल आली तरी शंभर टक्के सुटलो असं नाही, पायाच्या एवढ्याशा जागेतलं इन्फेक्शन कधी कधी रक्तात उमटत नाही. शंका राहिली तर एमआरआय, त्यात हाडाला सूज आहे का हे लवकर कळतं. खर्च आहे त्याला, म्हणून तो सरसकट पहिल्याच दिवशी लागत नाही, पण डॉक्टरांनी कारण सांगून करायला सांगितला तर टाळू नका.

आणि कृपा करून मेडिकलमधून परत त्याच पाच दिवसांच्या गोळ्या आणून खाऊ नका. रुतलेल्या जखमेत बहुतेक वेळा आपल्या कातडीवरचेच जंतू असतात, त्यांच्यावर नेहमीची अँटिबायोटिक चालतात. पण बूट-चपलेतून खिळा गेला असेल, खास करून स्पोर्ट्स शूजमधून, तर स्युडोमोनास नावाचा एक वेगळाच जंतू आत जाऊ शकतो, तो बुटाच्या आतल्या ओलसर फोममध्ये राहतो. जखमेसाठी सहसा ज्या गोळ्या लिहून देतात त्यातल्या बऱ्याच या जंतूवर कामच करत नाहीत. मग होतं काय, गोळ्या घेतल्या की पहिले काही दिवस बरं वाटतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी चवडा परत ठणकायला लागतो. तुमचं हेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण गोष्ट जुळते, त्यामुळे तपासलं पाहिजे. आत पू किंवा तुकडा मिळाला तर तो कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायला पाठवतात आणि मग कोणतं औषध चालेल ते नेमकं कळतं. मनानं अधूनमधून गोळ्या खाल्ल्या की तेच कल्चर धड येत नाही.

टीटीचं विचारलंत. परत नको. टीटी हे फक्त धनुर्वातासाठी असतं, बाकी कुठल्याही इन्फेक्शनवर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि हे मला अगदी जीव तोडून सांगायचंय, कारण आपल्याकडे खिळा लागला, टीटी घेतलं, संपला विषय असंच सगळे करतात. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात, गंजामुळे धनुर्वात होतो असं नाही, चकचकीत नवा खिळा मातीत पडलेला असेल तरी धोका तोच. आधीचे डोस पूर्ण असतील तर अशा घाणेरड्या जखमेला शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटून गेली असली तरच परत घ्यायचं असतं. दर सहा महिन्यांनी टीटी ही सवय आहे, गरज नाही. तुम्ही सहा आठवड्यांपूर्वी घेतलंय आणि धनुर्वाताची लक्षणं, म्हणजे दातखीळ बसणं, मान-पाठ ताठ होणं, ही बहुतेक करून तीन आठवड्यांच्या आतच दिसतात, तेव्हा ती भीती मनातून काढून टाका. फक्त लहानपणी किंवा बाळंतपणाच्या वेळी किती डोस झाले होते हे आठवून बघा, तीन पूर्ण झालेच नसतील किंवा काहीच माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते राहिलेले डोस ठरवून देतील. हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते, नाव वेगळं बघून गोंधळू नका.

सासूबाईंना दुखवायचं नाहीये, त्यांनी आयुष्यभर बघितलंय तेच त्या सांगतायत, आणि त्यात अर्धी गोष्ट खरीही आहे. आत काटा राहिला की वरची कातडी जाड होते आणि ती अगदी कुरुपासारखी दिसते. पण म्हणूनच कुरूप समजून वरवर उपाय करणं धोक्याचं आहे. बिब्बा अजिबात नको. बिब्बा उतला की काय होतं हे तुमच्या घरातही कुणीतरी बघितलं असेल, कातडी भाजते, पाण्यानं भरलेले फोड येतात, आणि शुगर असलेल्या पायावर तो चटका भरायला महिने लागतात. रुईचा चीक नको, गूळ-चुना नको. मेडिकलमधल्या कॉर्न कॅपमध्ये कातडी जाळणारं ॲसिड असतं, शुगरचा संशय आहे तोवर तीही नको. सेफ्टी पिन तापवून टोकरणं नको, पार्लरमध्ये पेडिक्युर करताना ब्लेडनं खरवडून घेणं नको. आत तुकडा सापडलाच तर तो ऑपरेशन थिएटरमध्ये जागा बधिर करून, रक्त थांबवून, नीट बघून काढायचा असतो, ओपीडीत चिमट्यानं शोधत बसलं की तो उलट खोल सरकतो. खरंच कुरूप आहे की चामखीळ हे डॉक्टर वरची कातडी थोडी तासून लगेच सांगतात, चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, कुरूप सरळ वरून दाबलं की दुखतं.

शुगर. बॉर्डरवर होती म्हणता, पण ते मागच्या वर्षी. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी करून घ्या, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर पण. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर अजून बॉर्डरच, ६.५ किंवा वर गेलं तर डायबेटीस. न भरणाऱ्या किंवा परत परत ठणकणाऱ्या पायामुळेच डायबेटीस पहिल्यांदा सापडला असं मी ओपीडीत बघत आलेय. आणि उलटंही असतं, शुगर जुनी असेल तर पायाची जाणीवच कमी होते, आत पू झाला तरी माणूस चालत राहतो. तुम्हाला दुखतंय याचा अर्थ निदान तिथली जाणीव शाबूत आहे. तरी डॉक्टरांना सांगून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून बघायची ती छोटी तपासणी करून घ्या, दोन मिनिटांची असते, दुखत नाही.

यातलं काहीच निघालं नाही, सोनोग्राफी स्वच्छ, हाड स्वच्छ, तर मग बोटाकडे जाणाऱ्या बारीक नसेला खिळा लागलेला असू शकतो. त्यात टोचण्यापेक्षा शॉक बसल्यासारखं होतं, एखादं बोट बधिर वाटतं. त्याला वेगळी औषधं आहेत, चपलेत गादी आहे, आणि बहुतेकांचं काही महिन्यांत बरंच कमी होतं. पण हे सगळ्यात शेवटी म्हणायचं, आधीच्या दोन गोष्टी नाहीत हे नक्की झाल्यावर.

एवढं मात्र लक्षात ठेवा, ताप आला, थंडी वाजली, चवडा लाल-गरम होऊन सुजला, डागातून पाणी किंवा पू आला, पायावरून वर लाल रेघ चढताना दिसली, जांघेत अवधान म्हणजे दुखरी गाठ आली, किंवा पाय टेकताच येईना, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलमध्ये जायचं. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सरकारी ससून हॉस्पिटल आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू हॉस्पिटल आहे, तुमच्यापासून दोन्ही फार लांब नाहीत. रांग असते हे खरंय, पण तपासण्या होतात. जुने कागद, गोळ्यांची पाकिटं, एक्स-रे, सगळं एका पिशवीत घालून न्या.

तपासणी होईपर्यंत कामाचं काय, तर पोळ्या लाटताना उंच स्टूल घेऊन बसा. पोळ्या उभ्यानंच होतात असं काही नाही, आठ दिवसांत हात बसतो. तेही जमलं नाही तर ऑर्डरी थोड्या कमी घ्या, गिऱ्हाइकांना खरं कारण सांगा, समजून घेतात लोक. जाड मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही घाला. कडेवर चालणं थांबवायला हवं कारण त्यानं घोटा, गुडघा, मग कंबर अशी ओळीनं दुखायला लागते, पण ते ठरवून थांबत नाही, दुखणं कमी झालं की थांबतं. फारच ठणकलं तर जेवणानंतर पॅरासिटामॉल ५०० घ्या, लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारून. त्यापेक्षा कडक पेनकिलर मनानं नको, बीपी किंवा किडनीचं काही असेल तर मुळीच नको. गरम पाण्यात पाय बुडवून तासन् तास बसू नका, कातडी भिजून मऊ पडते आणि इन्फेक्शनला वाट मिळते.

आणि नवरात्र. यंदा अनवाणी नको, ताई. मला माहितीये हे ऐकायला जड जाईल, वर्षानुवर्षं पाळलेला नेम असतो, आणि पहाटे पेठेतल्या रस्त्यानं अनवाणी जोगेश्वरीच्या देवळात जायचं यात जे समाधान आहे ते चपलेत नाही, हेही कळतं. पण गणपती झाले की सगळीकडे मांडव उतरवतात, खिळे, तारा, लाकडाच्या सली आठवडाभर तरी रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात, आणि एक पाय अजून आतून बरा नसताना दुसराही पणाला लावायचा का? देवळात जा, रोज जा, पायरीपर्यंत चप्पल घालून जा, आत गेल्यावर स्वच्छ सुती मोजे घाला. घरातून कुणी नऊ दिवसांत एकदा तरी तुमच्याबरोबर अनवाणी चाललं तर नेम त्यांच्या पायानं पुरा झाला असं धरा, आमच्याकडे मोठ्या बायका असंच करायच्या. फक्त नेम बदलायचा म्हणून त्याऐवजी नऊ दिवस कडक उपास धरू नका, एचबीएवनसीचा रिपोर्ट हातात येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो पण नको. साबुदाणा-बटाटा तर अजिबात नको, भगर खायचीच असेल तर थोडी आणि बरोबर ताक-दाणे घेऊन.